खिळे किलोवर, फॉन्ट पेनड्राइव्हवर

पहिला ईमेल आला तेव्हा आम्ही दहीहंडीच्या फ्लेक्समध्ये गळ्यापर्यंत बुडालो होतो. २०२३चा ऑगस्ट संपत आला होता, पुढे गणपती. या तीन आठवड्यांत आमच्या छापखान्यात जेवायला सुद्धा पाळीपाळीने बसतात. मेल इंग्रजीत होता. तुमच्याकडे अमुक सॉफ्टवेअरची अनधिकृत प्रत वापरात असल्याचं दिसतं, कृपया संपर्क साधा, असा त्याचा सूर. ऑपरेटरने खांद्यावरून वाचलं आणि म्हणाला, "ताई, फ्रॉड असतंय हे. काल माझ्या मेव्हण्याला लाइट तोडतो म्हणून मेसेज आलेला." मी मेल उडवला आणि गोविंदा पथकाच्या अध्यक्षांचा फोटो आणखी मोठा करायला घेतला.

दुसरा मेल दहा दिवसांनी आला, आणि त्यात यादी होती. तीन संगणक, प्रत्येकावर कोणती आवृत्ती, कोणत्या तारखेला शेवटची उघडली, किती वेळा उघडली. पहिल्या ओळीत संगणकाचं नाव होतं 'आप्पा-पीसी'. ते नाव मीच दिलेलं, वडिलांच्या टेबलावरचा संगणक म्हणून. बाहेरच्या कुणाला ते ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. माझ्या पोटात गोळा आला.

थोडं मागचं सांगते. आमचा छापखाना सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आहे. आप्पांनी १९७८ साली पायाने चालवायची जुनी ट्रेडल मशीन घेऊन तो सुरू केला. माझं लग्न गावातच झालं आणि भावाला नोकरी पुण्यात, म्हणून २००६पासून कारभार माझ्याकडे. आज एक ऑफसेट, एक फ्लेक्स मशीन, एक डिजिटल प्रिंटर आणि पाच संगणक. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, पतसंस्थांचे अहवाल, निवडणूक आली की पत्रकं आणि बारमाही वाढदिवसाचे फ्लेक्स.

ट्रेडलच्या काळात आप्पा खिळे मुंबईहून आणायचे. शिशाची अक्षरं, वजनावर विकत. किलोचा भाव ठरलेला. झिजलेले खिळे परत द्यायचे, त्या धातूचे पैसे वजा होऊन नवे यायचे. अक्षर म्हणजे माल होता. उचलून बघितलं तर हाताला वजन लागायचं आणि प्रत्येक खरेदीचं बिल फाईलला असायचं.

माझ्या हाती कारभार आल्यावर संगणक आले, ते असे: २००९ साली एका असेंबल करणाऱ्या मुलाने पहिली दोन मशीनं जोडून दिली आणि म्हणाला, "मॅडम, सगळं टाकून देतो." या 'सगळं टाकून'मध्ये विंडोज होतं, चित्रं आणि अक्षरं जुळवायचं ते सॉफ्टवेअर होतं ज्याच्याशिवाय महाराष्ट्रातला डीटीपीवाला, म्हणजे संगणकावर पानं जुळवणारा, एक दिवस काढू शकत नाही, फोटोचं सॉफ्टवेअर होतं आणि मराठी फॉन्टही. पुढे पुण्याच्या एका ओळखीच्या डीटीपीवाल्याने पेनड्राइव्हवर अकराशे फॉन्ट दिले. त्याला मी चहा पाजला होता, एवढीच काय ती किंमत. मशीन घेतलं त्याचं बिल होतं, कागदाचं होतं, शाईच्या डब्याचं सुद्धा होतं. ज्याच्यावर धंदा चालत होता त्याचं नव्हतं. आणि ते चुकीचं आहे हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. माहीत होतं. सगळ्यांचं तसंच आहे, हे त्याहून जास्त माहीत होतं.

इतकी वर्षं पकडलो का गेलो नाही, याचं उत्तर नंतर कळलं. पूर्वी डीटीपीचा संगणक नेटला जोडलेलाच नसायचा. गिऱ्हाईक मजकूर कागदावर किंवा पेनड्राइव्हवर आणायचं. क्रॅक, म्हणजे परवान्याचं कुलूप तोडलेली प्रत, टाकणारा मुलगा बजावून गेलेला, "या मशीनला नेट लावू नका." मग व्हॉट्सॲप आलं. फोटो व्हॉट्सॲपवर, मजकूर व्हॉट्सॲपवर, प्रूफही व्हॉट्सॲपवर. फोनवरून संगणकावर आणायचा खटाटोप कोण करणार, म्हणून सगळ्या मशीनांवर व्हॉट्सॲप उघडं ठेवलं आणि नेट दिवसभर चालू. सॉफ्टवेअर उघडलं की ते आपल्या मालकाला निरोप धाडतं. कुठलं मशीन, कुठली आवृत्ती, खोटा क्रमांक. आम्हीच दार उघडं ठेवलं होतं.

तिसरं पत्र दिल्लीच्या वकिलांच्या कार्यालयातून आलं, मेलने आणि रजिस्टर पोस्टानेही. पोस्टमनने सही घेतली तेव्हा गणपती विसर्जनाला चार दिवस होते. पंधरा दिवसांत उत्तर द्या, पाच परवाने विकत घ्या, मागच्या वर्षांची भरपाई द्या. सगळं मिळून साडेसहा लाखांच्या आसपास. एवढ्यात आमचं जुनं ऑफसेट आलं होतं.

त्या रात्री ऑपरेटरने मला न विचारता एक मशीन फॉरमॅट केलं. त्याला वाटलं, पुरावा गेला की विषय संपला. सकाळी अभिमानाने सांगत होता. खोटं कशाला बोलू, मलाही क्षणभर हायसं वाटलं.

गावातले वकील आप्पांचे जुने स्नेही. जमिनीच्या वाटणीची कामं करतात. त्यांनी पत्र दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "पोरी, हे आपल्या हातातलं नाही. पुण्याला जा." त्यांनीच एका वकीलबाईंचा नंबर दिला. पुण्यात त्यांच्या टेबलासमोर बसल्यावर त्यांचा पहिला प्रश्न होता, "मशीनं फॉरमॅट केलीत का?" मी एक म्हटलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. मग जे सुनावलं ते आप्पांनी सुद्धा कधी सुनावलं नव्हतं. समोरच्याकडे तारखांसह नोंदी आहेत; आपल्याकडची नोंद पुसली म्हणून त्यांची पुसली जात नाही. उलट नोटीस मिळाल्यावर पुसलं म्हणजे जाणूनबुजून केलं, हे आपणच लिहून दिल्यासारखं. उरलेल्या मशीनांना हात लावायचा नाही, पण ते सॉफ्टवेअर आजपासून उघडायचंही नाही. गणपतीचं उरलेलं काम? "दुसऱ्याकडून करून घ्या." तसं केलं. त्या चार दिवसांत शेजारच्या गावातल्या प्रेसला जे दिलं ते वेगळंच.

'जाणूनबुजून' हा शब्द इथे का महत्त्वाचा, तेही त्यांनी समजावलं. आपला कॉपीराइट कायदा १९५७चा. त्यात कवितेला आणि चित्राला जसं संरक्षण, तसंच संगणक प्रणालीलाही आहे. कलम ६३-ब फक्त त्याबद्दल आहे: बेकायदा प्रत आहे हे माहीत असून संगणकावर वापरली तर कमीत कमी सात दिवस, जास्तीत जास्त तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. शिवाय कलम ६३ आहेच, सर्वसाधारण उल्लंघनाचं, सहा महिने ते तीन वर्षं. ते दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२मध्ये दिला. म्हणजे पोलीस कोर्टाची वाट न बघता येऊ शकतात. मी विचारलं, "माझ्या ऑपरेटरला धरतील?" त्या म्हणाल्या, "मालक कोण आहे?"

मी म्हटलं, ते दिल्लीत आहेत, आम्हाला दिल्लीला खेचतील का? त्या म्हणाल्या, त्याच कायद्याच्या कलम ६२प्रमाणे हक्काच्या मालकाला जिथे त्याचा धंदा आहे तिथल्या कोर्टात दावा लावता येतो. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने याला थोडी वेसण घातली. जिथे घटना घडली तिथेच कंपनीचं कार्यालय असेल तर तिथेच जावं लागतं, उगाच लांबच्या कोर्टात नेता येत नाही. पण आमच्या गावात त्यांचं कार्यालय असण्याचा प्रश्नच नव्हता, म्हणजे दिल्लीला खेचणं शक्य होतं. आणि अशा दाव्यांत दिल्ली उच्च न्यायालय कोर्ट कमिशनर नेमतं. तो आधी न कळवता दारात उभा राहतो आणि संगणक तपासून यादी करतो. माझ्या डोळ्यांसमोर आमचं दुकान आलं, समोर चहाची टपरी, शेजारी झेरॉक्सवाला, आणि मधे कमिशनर. शिक्षेपेक्षा त्या चित्रानेच मला जास्त घाबरवलं.

मग काम सुरू झालं. आधी समोरचे खरे आहेत का हे बघायचं. ऑपरेटरची शंका अगदीच वेडी नव्हती. अशा नावाखाली पैसे उकळणारेही असतात. मेलमधल्या नंबरावर फोन न करता कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून त्यांचं भारतातलं कार्यालय शोधलं आणि विचारलं, हे वकील तुमचेच का. त्यांचेच निघाले. तरी वकीलबाईंनी उत्तरात अधिकारपत्र मागितलं, नोंदींची प्रत मागितली आणि साडेसहा लाखांचा हिशेब मागितला. उत्तराच्या डोक्यावर 'आमचे सर्व हक्क अबाधित ठेवून' अशी ओळ होती. फोनवर काहीही कबूल करायचं नाही, कितीही गोड बोलले तरी. आणि ते खरंच गोड बोलायचे. एक मुलगी दर दोन दिवसांनी फोन करायची, "मॅम, हम तो आपकी हेल्प करना चाहते हैं." मी म्हणायचे, वकीलबाईंशी बोला.

यादी करणं हे सगळ्यात त्रासाचं काम. पाच संगणक, प्रत्येकावर काय काय आहे आणि कशाचं बिल आहे. तीन दिवस लागले. बिल निघालं ते अँटिव्हायरसचं आणि फ्लेक्स मशीनसोबत आलेल्या सॉफ्टवेअरचं. दोन मशीनांच्या डब्यांवर विंडोजचं स्टिकर होतं, बाकीच्यांवर तेही नाही. या यादीतून आमच्या उपयोगाची एक गोष्ट मात्र निघाली: ते सॉफ्टवेअर तीनच मशीनांवर होतं. उरलेल्या दोनपैकी एकावर बिलं बनतात आणि दुसरं फ्लेक्स मशीनला जोडलेलं, त्यावर फक्त मशीनसोबत बिलासकट आलेलं छपाईचं सॉफ्टवेअर. त्यांच्याच नोंदीतही तीन नावं. मग पाच परवाने कशाचे?

दीड महिना पत्रापत्री झाली. शेवटी तीन परवाने नव्याने विकत घ्यायचे, दंड नाही, यावर ठरलं. सत्तर हजाराला एक, दोन लाख दहा हजार. त्यावर अठरा टक्के जीएसटी सदतीस हजार आठशे. मी लगेच पैसे भरायला निघाले होते, तर वकीलबाईंनी थांबवलं. परवाना आजपासूनच्या वापराचा असतो, मागचं त्याने धुऊन निघत नाही. म्हणून आधी त्यांच्याकडून सहीशिक्क्याचं पत्र घेतलं, की या खरेदीनंतर मागील वापराबद्दल कोणताही दिवाणी दावा किंवा फौजदारी तक्रार करणार नाही. ते पत्र हातात आल्यावर पैसे गेले. बिल छापखान्याच्या नावावर, जीएसटी क्रमांकासह, त्यामुळे तेवढा जीएसटी तरी आम्ही भरायच्या जीएसटीतून वळता झाला. वकीलबाईंचे पंचवीस हजार. त्या गणपतीची कमाई विसर्जनालाच गेली म्हणायची.

तालुक्याच्या प्रेसला एका संगणकामागे सत्तर हजार परवडतात का, तर नाही, सहज नाही. शेजारच्या दुकानात फ्लेक्सचा दर चौरस फुटाला माझ्यापेक्षा दोन रुपयांनी कमी आहे आणि तिथे अजूनही 'सगळं टाकून' दिलेलंच चालतं. गिऱ्हाईक दर बघतं, परवाना बघत नाही. चौथ्या संगणकावर मी नंतर इंकस्केप घेतलं, तेही चित्रं आणि अक्षरं जुळवायचंच सॉफ्टवेअर. ते फुकट आहे आणि कायदेशीर फुकट आहे. फ्लेक्सचं काम त्यावर बरं चालतं. ऑफसेटला चार रंग वेगळे करायचे म्हटलं की ते अडतं, तेव्हा विकतचंच लागतं. हे आधी कुणी सांगितलं असतं तर निदान दोन परवान्यांत भागलं असतं.

सॉफ्टवेअरचं मिटलं तशी मी बाकीचं बघायला लागले आणि झोप उडाली. अकराशे फॉन्ट. त्यातले बहुतेक विकाऊ. फॉन्टची फाईल परवान्यावर मिळते, एका मशीनला एक असाही परवाना असतो, आणि आम्ही त्या पाच मशीनांवर टाकून वर गिऱ्हाइकांनाही मेल करत होतो. सगळे काढले. त्यांच्या जागी खुल्या परवान्याचे आणले. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्यांचा 'मुक्त', त्यांचाच बलू, गुबगुबीत अक्षरांचा मोदक, आणि यात्रा वन, ज्याची अक्षरं मुंबई लोकलच्या रंगवलेल्या पाट्यांवरून घेतलेली आहेत. हे धंद्यात वापरायला मोकळे आहेत, फक्त फॉन्टच तेवढा वेगळा विकायचा नाही. अकराशेच्या जागी बत्तीस ठेवले. खरं सांगायचं तर रोज लागत होते सात-आठच.

मग चित्रं. लग्नपत्रिकेवरचा गणपती कुणी काढला, हा प्रश्न आमच्या धंद्यात कुणी कधी विचारला आहे का? चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतात. राजा रविवर्मा १९०६ साली गेले, त्यांची लक्ष्मी आणि सरस्वती मोकळी आहे. पण आपल्याकडे कॅलेंडरवरचे आणि पत्रिकेवरचे देव म्हणजे रघुवीर मुळगावकरांचे, आणि ते गेले १९७६ साली. दीनानाथ दलाल १९७१ साली. म्हणजे मुळगावकरांचा गणपती २०३६ संपेपर्यंत कुणाच्या तरी मालकीचा आहे आणि मी तो हजारो पत्रिकांवर छापलेला आहे. छापणाराही यात सुटत नाही. गिऱ्हाइकाने फोटो आणून दिला म्हणून हात झटकता येत नाहीत. बेकायदा प्रती काढण्यासाठी मुद्दाम छपाईची प्लेट जवळ बाळगणं हासुद्धा कायद्यात वेगळा गुन्हा आहे. बाळाच्या पहिल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर कार्टून असतं, दर आठवड्याला तीन-चार. ते मी थांबवलं, आणि त्या आठवड्यातली तीन-चार गिऱ्हाइकं शेजारच्या दुकानात गेली.

आता ऑर्डरच्या पावतीवर मागे चार ओळी छापल्या आहेत: दिलेला फोटो, चित्र, मजकूर वापरण्याचा हक्क माझ्याकडे आहे, खाली गिऱ्हाइकाची सही. वकीलबाईंनी स्पष्ट सांगितलं की याने मी पूर्ण वाचत नाही, पण मी विचारलं होतं एवढं तरी दिसतं. लोक न वाचता सही करतात. फेब्रुवारीत एक पतसंस्थेचे व्यवस्थापक आले होते, सत्तावीस तारखेच्या मराठी भाषा गौरव दिनासाठी. वर कुसुमाग्रजांची अख्खी कविता आणि खाली मुदत ठेवीचा व्याजदर. मी म्हटलं, साहेब, कुसुमाग्रज १९९९ साली गेले, २०५९ संपेपर्यंत तुम्हाला ही कविता जाहिरातीत घ्यायची तर परवानगी लागेल. ते माझ्याकडे असे बघत राहिले जसं मी त्यांच्याकडे कर्जच मागितलं. शेवटी तुकोबांवर तडजोड झाली. तुकोबांचे अभंग कुणाच्याच मालकीचे नाहीत, मात्र व्याजदराच्या डोक्यावर ते कसे दिसले हे विचारू नका.

बाहेरच्या मुलांकडून डिझाइन करून घेते, त्यांच्याशीही आता साधा का होईना, सहीचा कागद करते. पैसे दिले म्हणजे डिझाइन माझं झालं असं नसतं. हक्क सोपवायचा तर लेखी लागतो, आणि किती वर्षांसाठी ते लिहिलं नाही तर कायदा पाचच वर्षं धरतो.

सगळ्यात मोठं काम अजून चालूच आहे. चौदा वर्षांच्या जुन्या फाईली त्या काढून टाकलेल्या फॉन्टमध्ये आहेत. शाळेची गुणपत्रिका, पतसंस्थांची पासबुकं, बाजार समितीच्या पावत्या. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं "मागच्यासारखंच काढा". मागच्यासारखं उघडलं तर मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांचा भाजीपाला दिसतो. युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठीच दिसेल अशा अक्षरांत, बदलून देणाऱ्या सोयी आहेत, पण रफार भलत्याच अक्षरावर बसतो, जोडाक्षरं फुटतात. 'कर्जदार'चा काय होतो ते मी लिहिणार नाही. म्हणून प्रत्येक फाईल कागदावर काढून वाचावी लागते. आप्पा आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत आणि संगणकाला त्यांनी कधी हात लावला नाही, पण प्रूफ त्यांच्याइतकं कुणी वाचत नाही. दुपारी चहानंतर तांबडी पेन्सिल घेऊन बसतात. काल दूध संघाचं पावतीपुस्तक झालं. अजून चारशेवर फाईली आहेत.